दर्यापूरच्या पोरानं जोडलेलं जहाज

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर रात्री वाचा.

गेल्या महिन्यात दर्यापूरला एका लग्नात होतो. जेवणाच्या पंगतीत बाजूला बसलेला पोरगा, असेल पस्तिशीचा, बोलता बोलता म्हणाला, "भाऊ, मी गोव्यात जहाजाच्या कारखान्यात होतो. आमी जोडलेलं जहाज मॉरिशसले गेलं." मी आधी हसलो. दर्यापूर म्हणजे आमच्या अमरावती जिल्ह्यातलं खारपाणपट्ट्यातलं गाव. नावातच काय तो दर्या. विहिरीचं पाणी खारट, चहा करावा तर दूध फाटतं, म्हातारे सांगतात की इथं कधीकाळी समुद्र होता. पण समुद्रावर चालणारं काही इथल्या माणसानं बनवलं असेल हे डोक्यात येत नाही. इथला माणूस फार तर ट्रॅक्टरची ट्रॉली बनवतो.

हा पोरगाही आता ट्रॉल्याच बनवतो. आयटीआय वेल्डर. ठेकेदाराकडून गोव्याला गेला, वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्ये दोनेक वर्षं राबला, मग वडील आजारी पडले म्हणून परत आला आणि रस्त्याच्या कडेला शेड टाकून गेट, खिडक्या, ट्रॉल्या सुरू केल्या. जहाजाचं नाव त्याला आठवत नव्हतं. "इंग्रजी होतं काहीतरी. रंग पांढरा." मी घरी येऊन शोधलं. तो तिथं होता त्या काळात गोवा शिपयार्डनं मॉरिशसच्या तटरक्षक दलासाठी दोन वेगवान गस्ती जहाजं बांधली होती. 'व्हिक्टरी' आणि 'व्हॅलियंट'. करार २०१४ चा. पहिलं २०१६ साली गेलं, दुसरं २०१७ साली. लांबी साधारण ५० मीटर, म्हणजे चार-पाच एसटी गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर होतील तेवढी. त्यातलं एक, किंवा दोन्ही, या पोराच्या हाताखालून गेलं असणार.

त्याची एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जाईना. तो म्हणाला, "तिथं आपण टाका मारला का साहेब लोक त्याचा फोटो काढे भाऊ. एक्स-रे. आतमंदी पोकळी राहिली का पुन्हा कापून काढाले लावे. आपल्याकडं माणसाचा एक्स-रे काढाले दवाखान्यात तीन तास लाइनीत बसा लागते, तिथं लोखंडाचा काढे." पंगतीत सगळे हसले. मीही हसलो. पण घरी येताना गाडीवर मला वेगळंच काही आठवत होतं. ते पुढं सांगतो, कारण ते सांगायला जरा धीर लागतो.

आधी मॉरिशस.

आपल्याकडं मॉरिशस म्हणजे हनिमूनचं पॅकेज आणि हिंदी सिनेमातली गाणी. देश केवढा? जमीन जेमतेम २,०४० चौरस किलोमीटर. आमच्या अकोला जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान, अमरावती जिल्ह्याचा सहावा हिस्सा. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, म्हणजे अकोला जिल्ह्याहून कमी. पण या देशाच्या हक्काचा समुद्र किती, तर जवळपास २३ लाख चौरस किलोमीटर. अख्खा महाराष्ट्र ३ लाख ७ हजार. म्हणजे सात महाराष्ट्र बसतील एवढं पाणी, आणि भारताच्या वाट्याला जो समुद्र येतो त्याच्या जवळपास तेवढंच. कारण त्यांची बेटं विखुरलेली आहेत. अगालेगा नावाचं एक बेट मुख्य बेटापासून सुमारे १,१०० किलोमीटर उत्तरेला आहे. वस्ती तीनशेच्या घरात. तिथं आजारी माणसाला आणायचं झालं तर जहाजाला जवळपास दोन दिवस लागतात. मेळघाटातल्या माणसाला अमरावतीला आणणं किती अवघड आहे यावर मी वीस वर्षं बातम्या करतोय. इथं मध्ये घाट नाही, नुसतं पाणी आहे, एवढाच फरक.

आणि या देशाला सैन्य नाही. खरंच नाही. पोलीस दल आहे, आणि त्याचाच एक भाग म्हणजे त्यांचं नॅशनल कोस्ट गार्ड, १९८७ सालचं. सात महाराष्ट्रांएवढ्या पाण्यात चोरून मासेमारी कोण करतं, अमली पदार्थ कोण आणतं, वादळात कोण अडकलं, हे सगळं त्या पोलिसांनी बघायचं. या दलाचा प्रमुख आपल्या नौदलातला अधिकारी असतो, प्रतिनियुक्तीवर गेलेला. हे मला माहीतच नव्हतं. आपल्या तालुक्यात पीएसआयची बदली झाली तर आपण चार दिवस चर्चा करतो, आणि एका देशाच्या तटरक्षक दलाचा प्रमुख आपला माणूस असतो याची आपल्याला गंधवार्ता नसते.

जहाजं देण्याची रीतही जुनी. १९७४ साली भारतानं त्यांना 'अमर' नावाची एक लहान गस्ती नौका दिली होती. सगळ्यात गाजलं ते 'बाराकुडा'. कोलकात्याच्या गार्डन रीच कारखान्यात बांधलेलं, ७४ मीटरचं, १,३०० टनांचं, किंमत ५ कोटी ८५ लाख डॉलर. भारतानं दुसऱ्या देशासाठी बांधून परदेशी पाठवलेलं हे पहिलं युद्धनौकेच्या जातीचं जहाज. १२ मार्च २०१५ ला पंतप्रधान मोदींच्या हस्ते पोर्ट लुईमध्ये ते सेवेत दाखल झालं. १२ मार्च हा त्यांचा राष्ट्रीय दिन. १९६८ साली स्वातंत्र्य मिळालं तेव्हा ही तारीख निवडली ती गांधीजींच्या दांडीयात्रेची म्हणून. गांधीजी स्वतः १९०१ साली आफ्रिकेतून परतताना तिथं काही दिवस थांबले होते.

मराठी माणसाचा संबंध त्याहून जुना आहे. इंग्रजांनी गुलामगिरी बंद केली आणि उसाच्या मळ्यांत मजूर कमी पडायला लागले. १८३४ पासून भारतातून गिरमिटिया मजूर न्यायला सुरुवात झाली. जवळपास साडेचार लाख माणसं पुढच्या आठ-नऊ दशकांत त्या बेटावर उतरली. जिथं उतरली तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट आता जागतिक वारसा आहे. बिहारचे जास्त, पण मुंबईच्या बंदरातून कोकणातले, रत्नागिरीकडचे मराठी लोकही गेले. त्यांची आजची पिढी घरात क्रेओल बोलते, पण गणपती बसवते, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. कोकणातली जाखडी तिथं 'झाकरी' म्हणून अजून नाचली जाते. २०२३ च्या एप्रिलमध्ये फडणवीस साहेबांनी तिथल्या महाराष्ट्र भवनात शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण केलं तेव्हा आपल्या ग्रुपवर फोटो फिरले होते, आठवत असेल. तेव्हा मीही तो फोटो अंगठा दाखवून पुढं ढकलला होता. त्या लोकांच्या समुद्राची राखण करणारं एक जहाज गोव्यात दर्यापूरच्या हातांनी सांधलंय हे तेव्हा कुणाला माहीत?

आता तुमच्यातले काही जण म्हणतील, अन् ग्रुपवर म्हणालेच, "आपल्या गावात नाल्यावर पूल नाही, अन् आपण दुसऱ्या देशाले जहाजं वाटून रायलो." मालदीवचा विषय निघाला की हे हमखास येतं. त्यातही एक मजेशीर गोष्ट आहे. आपल्या नौदलाची 'तिलांचांग' नावाची नौका २००६ साली मालदीवला भेट दिली. तिथं तिचं नाव झालं 'हुरावी'. सतरा वर्षं ती तिथं नांदली. २०२३ साली मालदीवला बदली जहाज दिलं आणि ही माहेरी परत आली. आल्यावर दुरुस्ती करून त्याच वर्षी डिसेंबरात विशाखापट्टणमला तिला पुन्हा नौदलात घेतलं, पण जुनं नाव दिलं नाही. आता ती 'तारमुगली'. दोन देश, तीन नावं. लेकीचं नाव सासरी बदलतात हे ऐकलं होतं, माहेरी परत आल्यावर तिसरं ठेवलेलं पहिल्यांदाच वाचलं. आणि हे चाललेलं त्याच वर्षी मालदीवमध्ये 'भारत बाहेर जा' म्हणणारं सरकार निवडून आलं. महिनाभरानं, जानेवारी २०२४ मध्ये, आमच्या राजापेठेतले दोन ओळखीचे जण मालदीवची तिकिटं रद्द केल्याचे स्क्रीनशॉट स्टेटसला टाकत होते. त्यातल्या एकानं मुळात तिकिटं काढलीच नव्हती, हे मला माहीत आहे. असो.

तर या जहाजं वाटण्याला नुसतं दानधर्म म्हणणं मला पटत नाही. तिथं चीनही आहे, पैसा घेऊन उभा आहे. आपण नाही दिलं तर तो देईल. अगालेगा बेटावर भारतानं धावपट्टी आणि धक्का बांधला, २९ फेब्रुवारी २०२४ ला उद्घाटन झालं. तिथल्या काही लोकांना हा भारताचा लष्करी तळ होईल अशी भीती वाटते, दोन्ही सरकारं नाही म्हणतात. शंका घेणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. आपल्या शेजारी कुणी एवढं मोठं बांधकाम फुकट करून दिलं असतं तर आपणही विचारलं असतं की बापा, काहून?

आणि त्या समुद्राशी आपला काय संबंध, तर तोही आहे. २०२३ च्या शेवटी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि मोठमोठ्या कंपन्यांनी आफ्रिकेला वळसा घालून जाणं सुरू केलं. त्या वळशाच्या वाटेवर मॉरिशसचं पाणी लागतं. वाट लांबली, भाडं वाढलं. २०२४ साली डीएपीच्या १,३५० रुपयांच्या गोणीसाठी कृषी केंद्रापुढं लागलेल्या रांगा आठवा. त्यामागं इतर कारणं होतीच, पण हा वळसाही एक होता.

पण माझा मुद्दा परराष्ट्र धोरणाचा नाही. तो दिल्लीतल्या पत्रकारांचा प्रांत. माझा मुद्दा बोट मिळाल्यावर पुढं काय होतं, हा आहे.

मॉरिशसकडं बाराकुडा होतं, व्हिक्टरी होतं, व्हॅलियंट होतं. तरी २५ जुलै २०२० च्या संध्याकाळी 'वाकाशिओ' नावाचं जपानी मालकीचं, ३०० मीटर लांबीचं मालवाहू जहाज सरळ येऊन त्यांच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या प्रवाळात रुतलं. कप्तान भारतीय होता. जहाजावर कुणाचा तरी वाढदिवस होता, आणि मोबाइलला रेंज मिळावी म्हणून जहाज किनाऱ्याजवळ नेलं, असं पुढं चौकशीत आलं. किनाऱ्यावरून रेडिओवर हाका कधी मारल्या, किती मारल्या, रडारवर कोण बसलं होतं, यावर तिथं मोठा गदारोळ झाला. बारा दिवस जहाज तसंच उभं. ६ ऑगस्टला तेल गळायला लागलं. जवळपास हजार टन तेल त्या निळ्या पाण्यात गेलं. मग काय झालं, तर बायाबापड्या, शाळकरी पोरं, मच्छीमार सगळे किनाऱ्यावर आले आणि कापडाच्या लांब पिशव्या शिवून त्यात उसाचं पाचट भरलं आणि त्या पाण्यात सोडल्या, तेल अडवायला. पाचट! जे आपल्याकडं शेतात जाळतात. काहींनी केस कापून दिले, कारण केस तेल ओढून घेतात. १६ ऑगस्टला भारतानं विमानानं ३० टन सामान आणि आपल्या तटरक्षक दलाची १० माणसं पाठवली. महिनाअखेर या कामातली एक टगबोट खराब समुद्रात बुडाली आणि तिच्यावरचे चौघे परत आले नाहीत. २९ ऑगस्टला पोर्ट लुईच्या रस्त्यावर हजारो लोक काळे कपडे घालून उतरले. त्यांचा प्रश्न साधा होता. जहाज येताना दिसत होतं, मग थांबवलं का नाही? पुढं डिसेंबर २०२१ मध्ये कप्तानाला आणि त्याच्या सहकाऱ्याला २० महिन्यांची शिक्षा झाली. लोकांच्या प्रश्नाचं उत्तर त्या शिक्षेत आहे असं मला वाटत नाही.

बोट असते. बोटीवर डोळे उघडे ठेवून बसणारा माणूस असतो की नाही, हा वेगळा हिशेब. बाराकुडावर ८३ माणसं लागतात. ती शिकवावी लागतात, पगार द्यावा लागतो, दर काही वर्षांनी जहाज गोदीत नेऊन तळ घासावा लागतो, मशीन उघडावं लागतं. आपण जहाज देतो तेव्हा माणसं शिकवतो, अधिकारी पाठवतो, दुरुस्तीला हात देतो. एवढं करूनही वाकाशिओ होतं.

आता ते सांगतो जे सांगायला धीर लागतो म्हणालो.

सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका तालुक्याला पूरस्थितीसाठी रबरी बोट मिळाली. केशरी रंगाची, मागं लावायचं इंजिन, दहा लाइफ जॅकेट. तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्या खुर्च्यांवरची माणसं केव्हाच बदलली आणि मला कुणावर दात काढायचा नाही. लोकार्पण सोहळा झाला. नारळ फुटला, फीत कापली, बोटीत बसून मान्यवरांनी फोटो काढले, बोट जमिनीवर होती. मी बातमी केली. चार कॉलम. 'तालुका आपत्तीशी लढण्यास सज्ज'. मथळा माझाच. डिप्लोमाला आम्हाला शिकवलं होतं की बातमीत सहा प्रश्नांची उत्तरं हवीत, कोण, काय, कुठं, केव्हा, का, कसं. मी पाच लिहिली. कोण चालवणार, हे विचारलं नाही. सुचलंच नाही. समोर नाश्ता होता.

दोन पावसाळे गेले. जुलैची रात्र. ढगफुटीसारखा पाऊस, नाल्याला पूर, आणि एक माणूस मोटरसायकलवर रपट्यावरून निघाला. घरी जायचं होतं त्याला, पलीकडं गाव दिसत होतं. गाडी वाहून गेली आणि तो खालच्या अंगाला एका बाभळीला अडकला. फोन फिरले. मी साडेअकराला पोहोचलो. अंधारात मध्येच त्याच्या मोबाइलचा उजेड दिसत होता. तो उजेड हलवत होता. काठावरचे लोक ओरडत होते, "धरून राय बापा, बोट येऊन रायली!"

बोट आली. तासाभरात आली, त्यात कुचराई नव्हती. ट्रकमधून उतरवली. हवा भरायचा पंप होता, तो चालला. इंजिन लावलं. दोरी ओढली. इंजिन लागेना. पुन्हा ओढली. जो ओढत होता तो शिपाई होता, त्यानं असं इंजिन आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतलं होतं. कुणी म्हणे चोक ओढा, कुणी म्हणे पेट्रोल जुनं झालं. दोन वर्षं त्या टाकीतलं पेट्रोल बदललं नव्हतं हे नंतर कळलं. आळीपाळीनं दोरी ओढत राहिले. मीही ओढली. गावातल्या दोन पोरांनी ट्रॅक्टरची ट्यूब कमरेला बांधून पाण्यात जायचा प्रयत्न केला, धारेनं त्यांना परत काठावर आणून टाकलं.

सव्वा एकच्या सुमारास तो उजेड दिसेनासा झाला.

बॅटरी संपली असेल, असं कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी ते मानलं. सकाळी पाणी उतरलं तेव्हा बाभळीवर कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशीची माझी बातमी माझ्याकडं कात्रणात आहे. त्यात मी लिहिलंय, 'प्रशासनाने शर्थीचे प्रयत्न केले'. ती दोरी मी स्वतः ओढली होती आणि तरी मी हे वाक्य लिहिलं. का लिहिलं? ज्यांचे फोटो बोटीत बसून आले होते त्यांच्याकडं रोज जायचं होतं. जाहिरातीचं वर्ष होतं. आणि खरं कारण त्याहून वाईट आहे. हे वाक्य आम्हाला इतकं सवयीचं झालंय की पूर आला की बोटं आपोआप ते टाइप करतात.

नंतर १४ सप्टेंबर २०२१ ला वरूड तालुक्यात झुंजला वर्धा नदीत नाव उलटली. दशक्रियेला आलेले नातेवाईक. ११ जण गेले. सगळ्यांचे मृतदेह मिळायला काही दिवस लागले. मी काठावर उभा होतो आणि पथकांच्या बोटी पाण्यात फिरत होत्या, इंजिनं व्यवस्थित चालत होती, ती माणसं शिकलेली होती. त्या आवाजाकडं मी नुसता ऐकत बसलो होतो. सोबतच्या फोटोग्राफरनं विचारलं, काय झालं? त्याला काय सांगणार.

शिकलेल्या माणसांचं उदाहरण शोधायला मॉरिशसला जायची गरज नाही, हेही सांगतो. अकोला जिल्ह्यात बार्शीटाकळी तालुक्यातल्या पिंजरचं संत गाडगेबाबा आपत्कालीन शोध व बचाव पथक तुम्हाला माहीत आहे. पूर असो, विहीर असो, धरण असो, कुणी बुडालं की आजूबाजूच्या जिल्ह्यांतूनही फोन त्यांनाच जातो. स्वयंसेवक पोरं आहेत. पगार नाही. त्यांच्याकडं आहे तो सराव. पोहता येणं, दोर बांधता येणं, अंधारात धार ओळखता येणं. मॉरिशसच्या ८३ जणांकडं जे असायला हवं ते हेच. जहाज त्यानंतर येतं.

मागच्या आठवड्यात मी त्या तालुक्याला परत गेलो. बोट आहे. आवारात एका बाजूला, पत्र्याखाली. हवा काढलेली, घडी घातलेली, वर जुन्या निवडणुकीच्या पेट्या. एका कोपऱ्याला उंदरांनी कुरतडलंय. इंजिन वेगळ्या खोलीत आहे म्हणाले, किल्ली ज्यांच्याकडं आहे ते मीटिंगला गेले होते. जॅकेटं दहातली सहा दिसली. तिथला तरुण कर्मचारी भला माणूस. म्हणाला, "सर, मी येऊन आठच महिने झाले. ही बोट रजिस्टरला आहे, पण ही कुणाकडं आहे ते रजिस्टरला नाही." त्याच्यावर मी काय रागावणार?

परत येताना दर्यापूरच्या पोराला फोन केला. सगळं सांगितलं नाही, एवढंच विचारलं की असं इंजिन तू पाहिलंय का. म्हणाला, "पाह्यलं ना भाऊ, गोव्यात लहान बोटीले तेच राहे. दर आठवड्याले चालू करून ठेवत. बंद ठेवलं का जाम होते थे." मग म्हणाला, "येऊ का पाहाले? मले शनिवारी काम नाई." मी म्हटलं, सरकारी वस्तू आहे, आपल्याला हात लावू देणार नाहीत. तर म्हणतो, "हात नाई लावत. ऐकतो फक्त. दोरी ओढल्यावर आवाजावरून समजते."

काल मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, साधा कागद. जिल्ह्यात किती बचाव बोटी आहेत, कोणत्या तालुक्यात. प्रत्येक बोटीचं इंजिन शेवटचं कधी चालू करून पाहिलं, तारीख. इंधनासाठी गेल्या तीन वर्षांत किती खर्च झाला. आणि बोट चालवण्याचं प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीचं पदनाम, ती व्यक्ती सध्या कुठं नेमणुकीला आहे. हा चौथा प्रश्न मी आठ वर्षं उशिरा विचारतोय.

तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तोवर पाऊस सुरू झालेला असेल. तुमच्या तालुक्यात बोट असेल तर जाऊन बघा, आणि फोटो काढलात तर इंजिनाचा काढा, कमेंटमध्ये टाका. अकोल्याकडच्या, बुलडाण्याकडच्या मित्रांनीही टाका. उत्तर आलं की जसंच्या तसं इथं लावतो.

शनिवारी पोरगा येतोय. कर्मचाऱ्याला फोन करून ठेवलाय, किल्ली तेवढी काढून ठेवा म्हणून.